पाठ चोळू नये

“थांब! हात काढ आधी त्यांच्या पाठीवरून!”

सिस्टर दारातूनच ओरडल्या. तळहातावर स्पिरिट घेतलेली नवी नर्स जागच्या जागी थिजली. कुशीवर वळवलेले दादा मात्र हसले. “पोरीवर कशाला खेकसतेस? केवढं बरं वाटत होतं!”

दादा त्यांचे थोरले भाऊ. जन्मभर बस चालवली, बापामागे बहिणीला नर्सिंगला घातलं. आता खुब्याचं हाड मोडून तिच्याच हॉस्पिटलात, पण तिच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर पडून होते. “अख्खी नोकरी बसून केली, आता झोपून पेन्शन खातोय,” असं येईल त्याला सांगायचे.

सिस्टरांनी वाकून पाहिलं. माकडहाडावरची कातडी नुसती लाल राहिली नव्हती, काळीनिळी पडली होती.

“कूस कधी बदलली होती यांची?”

“रोज दोन वेळा चोळतो ना आम्ही, पावडर लावून.” पोरगी रडकुंडीला आली. “कामावर आले त्या दिवशी हेच शिकवलं मला. दुसरं कुणी काही सांगितलंच नाही हो.”

सिस्टरांचा राग तिथंच विझला. ओरडायचं तरी कुणावर?

पडून पडून लाल झालेली पाठ चोळू नये, चोळल्यानं आतलं मांस आणखी दुखावतं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी, टाचांखाली उशी द्यावी. हा नियम सिस्टरांनीच करून घेतला होता. त्यासाठी ठिकठिकाणचे अभ्यास गोळा केले, तीन वर्षं बैठकांत डोकं फोडलं. “पाठ चोळून कुणी मेलंय का?” असं विचारणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनीही शेवटी मान डोलावली. नियम मंजूर झाला, चहा-बिस्किटं झाली, आणि तो हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर चढला. वॉर्डातला कॉम्प्युटर बिलांतून मोकळा व्हायचा नाही. चोळलं की काम झालं, अशी समजूत. म्हणून दादांची कूस कुणी बदललीच नव्हती.

त्या दिवसापासून सिस्टर जमेल तेव्हा वर धावत. पण काळी पडलेली कातडी फुटली, जखम हाडापर्यंत गेली. तापानं दादा बरळायला लागले. एकदा शुद्धीवर आले तेव्हा एवढंच म्हणाले, “माझ्यापायी भांडत बसू नकोस. तुला नोकरी करायचीय इथं.”

दोन दिवसांनी ते गेले.

तेराव्यानंतर सिस्टर मेट्रनबाईंपुढे उभ्या राहिल्या. “प्रत्येक वॉर्डात एक तास द्या मला. फक्त बोलायला.”

“नियम आहे ना लागू? तुम्हीच केलात.” मेट्रनबाई वाईट नव्हत्या, थकलेल्या होत्या. “तपासणीवाल्यांनी कौतुक केलं त्याचं. एक तास पोरी बसवल्या तर पेशंट कोण बघणार? माणसं आहेत कुठं?”

मग सिस्टर जेवणाच्या सुट्टीत स्वतःच जायला लागल्या. पोरी ऐकायच्या, पटायचंही. पण कंत्राट संपलं की निघून जायच्या. ती रडणारीही गेली.

आज दादांच्या कॉटवर एक अंगानं जड म्हातारे होते, एकटीला न वळवता येणारे. शेजारी आणखी एक नवी नर्स.

“ये, यांना वळवू या. का वळवायचं तेही सांगते.”

“आलेच हं,” म्हणत ती पलीकडे कुणी हाक मारली तिकडे पळाली.

सिस्टरांनी म्हाताऱ्यांच्या अंगाखालच्या चादरीची कड दोन्ही मुठींत घट्ट धरली, आणि समोरची कड धरायला कुणी येईल म्हणून तशाच वाकून उभ्या राहिल्या.