वजा तीस

काट्यात एका ग्रॅमची खोट असली तरी काटेवाल्याच्या जिवाला चैन पडत नसे. पस्तीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस तो. त्याच्यापुढे खोटं बोलायची यंत्राची काय बिशाद! बायकोला तिच्या आक्काची किडनी बसवली आणि डॉक्टरांनी रक्तदाबाचं यंत्र घरी न्यायला सांगितलं, तेव्हा त्याने ते आधी पारखून घेतलं. पारखायला खात्रीचं वजन लागतं. त्या वजनाच्या जागी हा स्वतःच बसला. आपल्याला कधी साधी सर्दी नाही, म्हणजे आपला दाब एकशे वीस असणारच. दंडाला पट्टा गुंडाळला, तर यंत्राने एकशे पन्नास दाखवले.

"तीस जास्त दाखवतंय लेकाचं!"

"मग बदलून आणा की," बायको म्हणाली.

"कशाला? तीस वजा करायचे, झालं."

तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून तो सकाळ-संध्याकाळ तिचा दाब मोजायचा. यंत्रात एकशे पासष्ट आले की वहीत सुबक अक्षरात एकशे पस्तीस. दर सोमवारी डॉक्टर फोनवर आकडे विचारत, हा वही वाचून दाखवी. बायकोचं डोकं ठणकायचं. "एवढ्या गोळ्या म्हटल्यावर दुखणारच," असं हाच तिला सांगायचा. शहाणाच की नाही!

मंगळवारी भरदुपारी ती खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"अहो, दिवा लावा ना. केवढा अंधार केलाय."

तिच्या मांडीवर लख्ख ऊन पडलं होतं. त्याला आधी चेष्टाच वाटली. मग ती ताठ झाली आणि झटके देत जमिनीवर कोसळली.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं.

"किडनी शरीराने झिडकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतो, त्यांची कधीकधी मेंदूला बाधा होते. दाब वाढलेला असला की धोका जास्त. मेंदूच्या मागच्या भागाला सूज आहे, म्हणून दिसत नाहीये. गोळी बदललीय, दाब उतरवतोय. बहुतेकांची नजर परत येते."

"आणि किडनी?"

"गोळी बदलल्यावर ती टिकते का, बघावं लागेल. आत्ता काही सांगता येत नाही." डॉक्टरांनी वही चाळली. "पण इथे आल्या तेव्हा दाब एकशे नव्वद होता. तुमच्या वहीत तर सगळं छान आहे!"

त्याला दरदरून घाम फुटला. नर्सबाईंनी त्याला खुर्चीत टेकवून दंडाला पट्टा बांधला.

"काका, एकशे बावन्न. कधी तपासलं होतं का?"

"हे... हे यंत्र बरोबर आहे ना?"

"अहो, दिवसभर सगळ्यांना हेच लावतो."

घरातलं यंत्र खरं तेच बोलत होतं, खोट ह्याच्या स्वतःतच होती. आक्काने पोटातला तुकडा काढून दिला आणि ह्याने वजाबाकी केली. आता ना सूज ह्याच्या हाताने उतरणार, ना किडनी ह्याच्या सांगण्याने टिकणार. जन्मभर खोट सापडली की स्क्रू पिळायचा; इथे पिळायला काहीच नव्हतं.

तो खाटेशी जाऊन बसला. तिचे डोळे उघडे होते, पण भलतीकडेच बघत होते. तिने चाचपत त्याचा हात धरला.

"वही दाखवलीत ना डॉक्टरांना? एवढं नेमाने कोण लिहितं हो? माझंच नशीब फुटकं, तुम्ही तरी काय करणार?"

सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"अहो, गप्प का?" ती म्हणाली. "बोला ना काहीतरी. मला दिसत नाही तुम्ही."