कोर्ट उठेपर्यंत

मी एक जुनी काळी सायकल आहे, मित्रांनो, आणि मला एकदा कोर्टात पुरावा म्हणून उभे केले होते. तिथे मला बोलता आले नाही. म्हणून आज तुम्हाला सांगते.

माझे मालक आनंदराव इंदूरच्या एका कापड मिलमध्ये मागावर काम करत. नोकरी पक्की झाली तेव्हा त्यांनी मला घेतले. आंबेडकर जयंतीला ते बायकोला, गयाबाईंना, मागे बसवून थेट महूपर्यंत नेत. चढ आला की दोघे उतरून मला हाताने ढकलत आणि दमले तरी हसत. एरवी रोज सकाळी माझ्या कॅरियरवर दौलतराव बसायचे. त्यांचा माग आनंदरावांच्या मागाशेजारीच होता आणि घर पलीकडच्या गल्लीत. दोघांचा डबाही एकच असे. ते दिवस माझ्या फार अभिमानाचे होते.

मग मिल बंद झाली. तेव्हा शहरात एकामागून एक मिल बंद पडत होती आणि रस्त्यावर रोज नवी मोटार दिसत होती. आनंदराव आणि दौलतराव सांवेर रोडला कारखान्यांच्या फाटकांवर काम विचारत फिरू लागले. एका दुपारी असेच नकार ऐकून ते परत निघाले होते. आनंदराव मला हातात धरून रस्त्याच्या खाली, कच्च्यावरून चालले होते. दौलतराव त्यांच्या पुढे दोन पावले होते. एवढ्यात मागून एक पांढरी मोटार भरधाव आली आणि रस्ता सोडून थेट आमच्यावर आली.

आनंदरावांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

मोटार चालवत होता तिथल्याच एका कारखानदाराचा भाचा. त्याच्याकडे लायसन नव्हते. बघता बघता गर्दी जमली आणि लोकांनी रस्ता अडवला. सगळ्यांत मोठा आवाज दौलतरावांचा होता. "लायसन नाही आणि गाडी दौडवतो! आम्ही कच्च्यावर होतो, कच्च्यावर! याला जिंदगीभर अंदर करा!" चहावाला, पानवाला, फाटकावरचे कामगार, सगळे ओरडत होते, "आम्ही पाहिलं!" मोडून पडले होते तरी मला धीर आला. एवढी माणसे आपली आहेत, असे मला वाटले.

पोलीस ठाण्याच्या आवारात मी गंजत पडले. पण त्या आवाजांच्या भरवशावर वाट पाहत राहिले.

अखेर मला कोर्टात नेऊन दाराशी उभे केले. आनंदराव कुबड्यांवर आले होते, सोबत गयाबाई होत्या. आनंदरावांनी घडले ते सांगितले. चहावाला म्हणाला, मी दूध आणायला गेलो होतो. पानवाल्याची तर पाठ होती म्हणे. मग दौलतराव पिंजऱ्यात उभे राहिले. अंगावर त्या मुलाच्या मामाच्याच कारखान्याची नवी खाकी वर्दी होती.

वकिलांनी विचारले, "सायकल कुठे होती?"

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. "साहेब, सायकल एकदम रस्त्याच्या बीचमध्ये आली," ते म्हणाले.

आनंदरावांची कुबडी फरशीवर घसरली, ती गयाबाईंनी उचलली.

निकाल लागला. अपघाताचा दोष सिद्ध झाला नाही. विनालायसन गाडी चालवली एवढेच शाबीत झाले. त्याबद्दल दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसून राहायची शिक्षा. तो मुलगा बाकावर बसला, जांभया देत राहिला आणि कोर्ट उठताच घरी गेला.

बाहेर मात्र गर्दी पेटली. "हा काय इन्साफ आहे? पाय गेला आणि सजा बसण्याची! न्याय बिकला रे भिया, बिकला!" ओरडणाऱ्यांत चहावालाही होता.

गयाबाई पायरीवर थांबल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता.

"भिया, आता कशाला चिल्लावता? आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हा तुमच्यातला एक तरी बोलला का?"

गर्दी हळूहळू पांगली.

मी घरी आले. काही दिवसांनी दौलतराव दारात आले आणि उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "आनंदभाऊ, पोरं उपाशी होती. नोकरी देतो बोलले. मी काय करणार होतो?"

आनंदराव म्हणाले, "तू नोकरी घेतलीस याचा गुस्सा नाही मला. काम मीही विचारत फिरलो. पण पाय तर गाडीने नेला, दौलत. दोस्त कुणी नेला, ते सांग."

दौलतराव रडले. आनंदरावांनी त्यांना बस म्हटले नाही आणि जा असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने ते आपणच निघून गेले. पुढे ते आमच्या गल्लीत यायचेच बंद झाले.

मित्रांनो, शिक्षा कमी झाली की राग येतो, आणि तो यावाच. पण रस्त्यावर ओरडायला हजार माणसे असतात आणि आत बोलायला एकही नसतो, तेव्हा न्याय तरी काय ऐकणार? तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, त्या जपून चालवा. आणि कधी कुणाला धडक बसताना पाहिलेत, तर जे पाहिले तेच शेवटपर्यंत, कोर्टातही, सांगा. आम्हा मुक्या वस्तूंना साक्ष देता येत नाही. तुम्हाला येते.