तीन पावसांचा हिशेब

तीन पाऊस झाल्याशिवाय एफूमा बेडूक खायचा नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी खाल्ला तर लघवी अडते, माणूस तडफडतो. मी तर चार पाऊस मोजले होते. मग माझं काय चुकलं, सांगा!

चुकलं ते असं. ओशानाच्या, म्हणजे पावसाने भरलेल्या सखल मैदानाच्या, उथळ पाण्यातून धरून आणलेल्या बेडकांत दोन बुटके, मातकट होते. मला वाटलं, एफूमाचीच पिल्लं. रस्सा केला. बाजरीच्या घट्ट लापशीबरोबर, ओशिफिमाबरोबर, एक मी खाल्ला, एक माझ्या नवऱ्याने, विल्होने. त्याला मी मानाने ताते म्हणते, मला सगळे मेमे म्हणतात. त्याने तर हाडंही चोखली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कुंपणाआडून परतला तो पांढराफटक पडून. "मेमे, सकाळपासून थेंब नाही गं. नुसती आग."

बेडकांचा अभ्यास करणारी सेल्मा मागच्या वर्षी आमच्या अंगणात तंबू ठोकून होती. तिला फोन लावला.

"बुटके? मातकट?" तिने विचारलं. "मेमे, ते एफूमाच की वेगळी जात, हे आमचंच अजून ठरलेलं नाही."

"मग ते किती पावसांनी चालतात?"

"कुणालाच माहीत नाही. आधी दवाखाना गाठा."

"एवढं शिकलीस ती कशाला, बाई? माझा माणूस मरतोय इथं!"

मी शेजाऱ्याकडे धावले. तो म्हणाला, रस्त्यावर पाणी चढलंय, संध्याकाळी उतरलं तर गाडी काढतो. घरी येऊन मी विल्होला वाडग्यामागून वाडगा पाणी पाजलं.

"प्या, ताते! मेलात तर माझ्याशी गाठ आहे!"

"मेल्यावर काय करशील गं?" तो कण्हत म्हणाला. मी पुढचा वाडगा त्याच्या तोंडाला लावला.

ऊन कलताना कुंपणाआडून आरोळी आली, "मेमे! झाली! झाली गं!" मी तिथंच बसकण मारली आणि ढसाढसा रडले.

तो हसत बाहेर आला. "आता तूही जाऊन ये. तूही खाल्लायस."

तेव्हा कुठे ध्यानात आलं. त्याच्या धास्तीत मी सकाळपासून गेलेच नव्हते.

कुंपणाआड बसले. जोर लावला. अंगाला दरदरून घाम फुटला.

"झाली का?" विल्हो बाहेरून विचारत होता. "अगं, बोल की! एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही तुझा."

"ताते," मी म्हटलं, "गाडी बघा."