अपडेट करण्यापूर्वी

गू त्येन-फू यांचा आवाज मेइनोंग गावात कुणाला ओळखून सांगावा लागत नसे. लग्न असो, पूर्वजांची पूजा असो, निळा झगा घालून एका बाजूला उभं राहायचं आणि ‘गुडघे टेका’, ‘धूप वाहा’, ‘उठा’ अशी विधीची एकेक पायरी लांब सूर काढून पुकारायची, हा त्यांचा मान. एरवी पपईची बाग होती. पण बाग गावात पुष्कळांची होती, तसा गळा दुसऱ्या कुणाचा नव्हता. नेमकी त्या गळ्यातच गाठ निघाली. “एवढं मोठं शरीर, आणि देवाला दुसरी जागा सापडली नाही,” असं त्यांची बायको देवापुढेच उदबत्ती लावताना म्हणाली, आणि तिचं चुकलं असं निदान मला तरी वाटत नाही.

सोमवारी स्वरयंत्र काढायचं होतं. मुलगी यी-चन शनिवारी सकाळी तैपेईहून आली ती एका कामासाठी. वसंतात, आवाज शाबूत असताना, विद्यापीठातल्या लोकांनी आ-बांना, म्हणजे तिच्या वडिलांना, बरीच वाक्यं दिली होती. म्हणाले, ही आपल्या हाक्का बोलीत लॅपटॉपपुढे बोलून ठेवा. पुढे तुम्ही टाइप कराल आणि यंत्र तुमच्याच आवाजात बोलेल. उन्हाळाभर आ-बा रोज दुपारी दार लावून बोलत होते. मधलं काही कुणाला ऐकू दिलं नाही की पाठवू दिलं नाही. “अर्धा विधी पूर्वजांपुढे मांडत नाहीत,” म्हणाले. आता गळ्यातून नुसती करवत चालल्यासारखी खरखर यायची. खरा आवाज उरला होता तो त्या लॅपटॉपमध्ये. तो एका छोट्या ड्राइव्हवर उतरवून घ्यायचा आणि विद्यापीठात पोचवायचा, एवढंच यी-चनचं काम.

लॅपटॉप तिच्याच कंपनीचा होता. आ-बांनी मुद्दाम तोच घेतला होता, तोही तिला न सांगता, गावातल्या श्यावच्या दुकानातून. यी-चन त्या कंपनीत फर्मवेअर लिहायची. बटण दाबल्यावर यंत्रात सगळ्यांत आधी जे जागं होतं आणि मग पंख्याला, बॅटरीला, पडद्याला उठवतं, ते फर्मवेअर. आ-बा गावात सांगायचे, “माझी मुलगी यंत्रांना झोपेतून उठवते.” त्यावर आ-मे, म्हणजे आई, म्हणायची, “स्वतः मात्र दुपारी बाराला उठते.”

फाइली उतरायला लागल्या तसा पंखा किंचाळायला लागला आणि यंत्र तापून मध्येच बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. यी-चनने मॉडेलचा नंबर पाहिला आणि तिला हसू आलं.

“आ-बा, हा रोग मला माहीत आहे. मागच्या थंडीत आम्हीच बरा केलाय. तुमच्या मशीनमध्ये जुनंच फर्मवेअर आहे अजून.”

“म्हणजे औषध घरातच, आणि मी खोकत बसलोय,” आ-बा खरखरले.

“पंख्याचं औषध हो.”

“पंख्याचं तर पंख्याचं. त्याचा तरी गळा वाचू दे.”

आता साधा माणूस असता तर त्याने पडद्यावरचं अपडेटचं बटण दाबलं असतं आणि चहा प्यायला गेला असता. त्या बटणामागे सगळी काळजी आपोआप घेतलेली असते. पण ज्यांनी घर बांधलं ते पुढच्या दाराने येत नाहीत. यी-चनने पेनड्राइव्ह घेतला, नवी आवृत्ती त्यावर उतरवली आणि यंत्र चालू होता होता त्याच्या पोटात थेट घुसली, ऑफिसात दिवसातून दहा वेळा घुसते तशी. आ-बा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मुलीला काम करताना ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते आणि तिलाही ते कळत होतं. तिची बोटं जरा जास्तच झरझर चालली, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

पडद्यावर सूचना आली: अपडेट करण्यापूर्वी डिस्कला कुलूप असल्यास ते तात्पुरतं थांबवा, अन्यथा किल्ली मागितली जाईल. हे वाक्य तिनेच लिहिलं होतं. स्वतःचं वाक्य कोण वाचतं? तिने ‘मान्य’ दाबलं.

अपडेट छान झालं. पंखा मांजरासारखा शांत झाला. आणि मग निळा पडदा आला आणि त्याने किल्ली मागितली.

“काय म्हणतंय?” आ-बांनी विचारलं.

यी-चनने तो पडदा पुन्हा एकदा वाचला. हल्लीची यंत्रं नवीन असतानाच, खातं उघडलं की मालकाला न विचारता डिस्कला कुलूप घालतात, हे तिला ठाऊक होतं. ते कुलूप आतल्या एका चिपच्या भरवशावर उघडतं, आणि फर्मवेअर बदललं की चिप घरच्या माणसाला ओळखेनाशी होते, हेही ठाऊक होतं. शेजारच्या टीमला ती हे शिकवायची. आ-बांच्या लॅपटॉपला कसलं आलंय कुलूप, असं तिने धरून चाललं होतं, बस.

एवढ्यात आ-मे दारात आली. तोंड उतरलेलं.

“बंद पडला का गं? माझ्यामुळे झालं बघ.”

“तुझ्यामुळे?”

“तू मागच्या खेपेला ते हिरवं पाकीट ठेवलं होतंस ना वर, मक्याच्या खाऊचं. यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. परवा मी ते खाल्लं. तारीख उलटायला आली होती, वाया कशाला घालवायचं म्हटलं.” ती हातातल्या भाजीच्या जुडीशी चाळा करत होती. “दुसरं आणून ठेवू का? ठेवते. आत्ता जाते.”

त्या खाऊच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. तैपेईच्या ऑफिसात प्रत्येक सर्व्हरवर तसं पाकीट असतं आणि मोठमोठे इंजिनिअर त्याची तारीख तपासतात. यी-चनला क्षणभर वाटलं, असू दे, खाऊमुळेच झालं असू दे. तो क्षण फार लांबला. मग ती म्हणाली, “नाही आ-मे. मी केलं. मीच.”

आ-मे तरीही पाकीट आणायला गेलीच.

किल्ली खात्यात ठेवलेली असते. खात्यात शिरायचं तर आ-बांना पासवर्ड माहीत हवा. आ-बांना खातं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. “श्यावने काहीतरी केलं खरं,” ते म्हणाले. यी-चन सायकल काढून श्यावच्या दुकानात गेली. श्याव पंख्यासमोर भातशेवया खात बसला होता.

“अगं ताई, म्हाताऱ्या माणसांना खातंबितं कुठे कळतंय? मीच करून देतो सगळ्यांना. गल्ल्यावर पडलेलं एखादं प्रीपेड सिमकार्ड असतं, तो नंबर टाकतो. पासवर्ड? तो तेव्हा काय मनात आलं असेल ते.”

“ते कार्ड कुठे आहे?”

“संपलं असणार. फेकलं असणार.” तिचा चेहरा पाहून त्याने काड्या खाली ठेवल्या. “नंबर आठवेल पण. त्या कार्डाच्या शेवटी चार आठ होते, म्हणून मी ठेवलं होतं. थांब, कार्डाच्या रिकाम्या पाकिटावर लिहिलाय बघ.”

नंबर मिळाला. पासवर्ड बदलायचा कोड त्याच नंबरवर जाणार होता. संपलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, म्हणजे तो आज ज्याच्याकडे असेल त्याने तो वाचून दाखवला की कुलूप उघडलं. एक दार होतं. यी-चनने दुकानाच्या पायरीवर बसून फोन लावला. मागे बाजाराचा गलका, बर्फ फोडल्याचा आवाज.

“कोण बोलतंय? कोळंबी संपली, आधीच सांगते.”

“मावशी, मी मेइनोंगहून बोलतेय. गू माझं आडनाव. तुमच्या या नंबरवर आता एक कोड येईल. तेवढा मला वाचून दाखवाल का? कृपा करून—”

मग बाई हसली.

“आली का तू? मी म्हणतच होते, शेजारणीला फोन आला, माझी पाळी कधी. बोल बोल. बाप आजारी आहे ना तुझा?”

“हो,” ती म्हणाली. “खरंच आहे हो. गळ्याचा कॅन्सर. परवा ऑपरेशन आहे.”

“शेजारणीला मूत्रपिंड सांगितलं होतं. तू गळा सांगतेस. वा! अगं, लाज कशी नाही वाटत? बापाच्या नावाने?”

“मावशी, मी तुम्हाला पैसे मागत नाही. मी फोटो पाठवते, हॉस्पिटलचे कागद पाठवते—”

“कागद तर तुम्ही लोक सुरेख बनवता. आमच्या इथे पोलीस येऊन शिकवून गेलेत. कोड सांगू नका, कुणी रडलं तरी सांगू नका. तू रडतेयस ना? छान रडतेस.” आणि जरा हळू, जवळजवळ मायेने, “पोरी, आवाज गोड आहे तुझा. दुसरं काहीतरी काम बघ.”

फोन ठेवला. पुन्हा लावला तर घंटा वाजेना. नंबर अडवला होता. आ-मेच्या फोनवरून लावला, तोही तिने ‘मेइनोंग’ शब्द ऐकताच अडवला. बाईचं काय चुकलं? तिने शिकवल्याप्रमाणे केलं. अशी शहाणी बाई आपल्या आईच्या शेजारी राहायला हवी असं यी-चनला एरवी वाटलं असतं. फोन कंपनीने सांगितलं, ग्राहकाचं नाव देता येत नाही. बेटावर माशांचे बाजार किती आहेत कुणास ठाऊक. बाईच्या बोलण्यावरून उत्तरेकडची वाटली, एवढंच.

रविवारी तिने स्वतःच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. आपण कोण ते सांगितलं नाही. का, ते तिलाही कळलं नाही. कदाचित वाटलं असेल, परक्या माणसाला एखादा रस्ता ठेवलेला असेल जो घरच्यांना माहीत नाही. फोनवरचा मुलगा फार सभ्य होता.

“अपडेट करण्यापूर्वीची सूचना आपण वाचली होती का?”

“वाचली होती.”

“मग किल्लीशिवाय आम्ही काही करू शकत नाही, मॅडम. डिस्क कोरी करून देऊ शकतो. मॉडेल जुनं आहे, तरी तेवढं मोफत करू. करायचं का?”

“नको,” ती घाईघाईने म्हणाली, जणू तो फोनमधूनच कोरी करेल.

जुनं फर्मवेअर परत बसवलं तर चिपला कदाचित ओळख पटली असती. पण नवं आलं की जुनं बसवू द्यायचं नाही, चोरांना वाट मिळते, हा नियम कंपनीत होता, आणि तो व्हावा म्हणून मीटिंगमध्ये सर्वांत जास्त भांडली होती ती यी-चनच. तिने आपल्या वरिष्ठांना, लाइ यांना, सगळं कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: ‘फार वाईट झालं. तुला माहीतच आहे.’ हो, माहीतच होतं. तिच्याइतकं चांगलं कुणाला माहीत असणार? इतरांना निदान आशा तरी करता आली असती.

दुपारभर ती लॅपटॉपसमोर बसून राहिली. वर आ-मेने आणलेलं नवं कोरं हिरवं पाकीट होतं. आ-बा दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, “सोड आता. पंखा तर छान चालतोय.” तिला वाटलं, त्यांनी ओरडावं. गावाला ऐकू जाईल असं ओरडावं. पण तेवढा गळा आता कुठे होता?

सोमवारी सकाळी काओश्युंग शहरातल्या हॉस्पिटलात आ-मे कागदांवर सह्या करायला खाली गेली आणि खोलीत दोघंच राहिले. यी-चनने फोन काढला.

“आ-बा, काहीतरी बोला. जसं येतंय तसं.”

“हा आवाज नको शिकवू त्या यंत्राला,” आ-बा म्हणाले. “जन्मभर करवतीने बोलेल ते.”

तिने फोन खाली ठेवला. मग विचारलं, “उन्हाळ्यात काय काय बोललात?”

“दिलेली वाक्यं. ‘आज ऊन आहे.’ ‘मला पाणी हवं.’ ती लवकर संपायची. दार तर लावलेलं असायचं.” ते थांबले, श्वास घेतला. “मग तुझ्याशी बोलायचो.”

“माझ्याशी?”

“त्यालाच तू समजून. तुझ्याच कंपनीचा ना तो. बरंच साठलं होतं. तुझं लग्न मोडलं त्या वर्षी तू आलीस आणि मी तुला घ्यायला स्टेशनवर आलो नाही. ते. आणि बाकीचं.”

यी-चनने खुर्ची जवळ ओढली. मग ती म्हणाली, “आता सांगा.”

“आता कसं सांगू?” आ-बा खरोखरच गोंधळले. “आता तू समोर आहेस.”

तिने उठून खुर्ची फिरवली, पाठ त्यांच्याकडे आणि तोंड भिंतीकडे करून बसली. “आता समोर नाही. बोला. मी इथे नाहीच.”

मागे चादर सरकल्याचा आवाज आला. आ-बांनी घसा साफ केला, पूजेत पुकारण्याआधी करायचे तसा. खूप वेळ काही नाही. तिने मान वळवली नाही, हातही हलवला नाही. पुन्हा घसा साफ केला.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“हो, आ-बा,” ती भिंतीला म्हणाली. ती कालपासून जेवली नव्हती. मग हॉस्पिटलची माणसं त्यांना ऑपरेशनला न्यायला आली.