केरबाच्या डोक्यातला किडा

केरबाच्या भावकीत मटण न खाणारा तो एकटाच. लहानपणी त्यानं स्वतः चारलेला बोकड जत्रेला कापला गेला, तेव्हापासून त्यानं रस्साही तोंडाला लावला नव्हता. हुपरीत राहत्या घरातच त्याचं चांदीच्या पैंजणांचं काम चाले. सत्त्याण्णव साली एका सकाळी तो ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडत बसला होता, आणि त्याचा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला. पैंजण खाली पडलं. मग केरबा पडला.

बायको रूपाली धावत आली, तोवर त्याच्या तोंडाला फेस आला होता. शेजाऱ्यांनी कांदा आणला, चप्पल आणली. एकजण म्हणाला, "बाहेरचं दिसतंय."

"बाहेर व्हा म्हंजे जाईल," केरबाचा थोरला भाऊ हंबीरराव म्हणाला. तो वर्षभरापूर्वी मिल्ट्रीतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आला होता. त्यानं शेजाऱ्यांना कांद्या-चपलेसकट अंगणात काढलं, केरबाला कुशीवर वळवलं आणि तो शुद्धीवर आल्यावर जीप सांगून सगळ्यांना कोल्हापूरला नेलं.

मेंदूचे डॉक्टर प्रसेनजीत कांबळे यांनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. मेंदूत एक बारीक कडं होतं आणि त्यात एक ठिपका.

"हे पट्टकृमीचं पिल्लू आहे," डॉक्टर म्हणाले. "डुकराच्या मांसातून येतो तो जंत. तुम्ही खाता?"

"सायेब, मी अंड्याचा केकबी खात न्हाय."

"तुम्हीच खायला हवं असं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी आतड्यात मोठा जंत असतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचावाटे बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत तर जेवणात येतात. ती पोटात गेली की पिल्लं रक्तातून कुठंही जातात. तुमचं मेंदूत गेलं."

केरबानं हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे डुक्कर दुसऱ्यानं खाल्लं."

"हो."

"आणि किडा मला."

"हो. घरातल्या सगळ्यांचं शौच तपासून घ्या."

ही कामगिरी हंबीररावानं अंगावर घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं पोरांसकट घरातल्या प्रत्येकाच्या हातात डबी दिली आणि स्वच्छतेवर भाषण दिलं. आपल्या घरात असला गलिच्छपणा कोण करतंय ते आता बघतोच, असंही तो म्हणाला. रिपोर्ट आले. जंत फक्त हंबीररावाच्या पोटात होता.

डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत तो ताठ बसला आणि म्हणाला, "नागालँडला पोस्टिंग हुतं. तिकडं मिळंल ते खायचं."

"शौचातून पांढरे चपटे तुकडे पडत होते?"

"पडायचं की. मला वाटलं, दुधीच्या बिया."

मिल्ट्रीतून घरी आल्यापासून कोशिंबीर करायचं काम हंबीररावाकडं होतं. मुळा, कांदा, दही, सगळं तो हातानं कालवायचा. चमच्यानं मीठ लागत नाही असं त्याचं म्हणणं होतं. मटणाच्या दिवशी बाकीचे रस्सा ओरपायचे आणि कोशिंबिरीचं पातेलं एकट्या केरबासमोर असायचं. हे रूपालीच्या ध्यानात आलं.

केरबाला दवाखान्यात ठेवून घेतलं. आधी सूज न येण्याच्या गोळ्या दिल्या, मग जंताच्या. डॉक्टरांनी सांगितलं की या औषधानं किड्याला साखर घेता येत नाही. तो उपाशी मरतो. तो जिवंत असतो तोवर मेंदूला त्याचा फारसा पत्ता लागत नाही. मरायला लागला की पत्ता लागतो, आणि भोवती सूज येते. म्हणून पहिल्या गोळ्या.

तरीही केरबाचं डोकं ठणकायला लागलं. रूपाली घाबरून डॉक्टरांकडं गेली.

"औषध लागू पडत न्हाय का वो?"

"पडतंय. म्हणूनच दुखतंय."

हे उत्तर तिला पटलं नाही, पण तिनं ते जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून पडला होता.

"उपाशी मारायलोय त्याला," तो म्हणाला. "हाय तर जीवच की."

"तुम्ही न्हाय मारत. गोळी मारतीया."

"गोळी मी गिळतोय की."

रूपालीनं पाण्याचा पेला पुढं केला. "पोरांकडं बघा आणि गिळा." त्यानं गिळली.

हंबीररावाचा जंत आतड्यात होता, त्याला वेगळ्या गोळ्या होत्या. उपाशीपोटी चावून चावून खायच्या, आणि नंतर जुलाबाचं औषध. त्या आतड्यातच राहून जंताला मारतात, असं डॉक्टर म्हणाले. हंबीररावानं त्या अंगणात उभं राहून चावल्या. संध्याकाळपर्यंत काम झालं होतं. तो मोकळा झाला, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. ताट बाहेर ओसरीवर मागवून एकटाच जेवायचा.

केरबा घरी आला तेव्हाही हंबीरराव ओसरीवरच बसला होता. केरबा त्याच्या शेजारी टेकला.

"दादा, आत चल जेवायला."

"माझ्या हातनं झालं हे."

"व्हय, तुझ्याच हातनं झालं."

हंबीररावानं मान खाली घातली. आपला भाऊ 'न्हाय' म्हणेल, अशी त्याला थोडी आशा होती.

"मग आता काय दोघांनी बाहेर बसून जेवायचं व्हय?" केरबा म्हणाला. "मला डासं चावायलीत. ऊठ."

हंबीरराव उठला. मोरीवर त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, आणि रूपालीनं बास म्हणेपर्यंत धूत राहिला.

फिट यायचं भय जाईपर्यंत डॉक्टरांनी केरबाला ज्योतीपुढं बसू दिलं नाही. तोवर तो घुंगरं ओवायचा आणि रूपाली ज्योतीवर कड्या जोडायची. तिचं काम त्याच्याहून सुबक निघालं. व्यापाऱ्यानं तसं बोलूनही दाखवलं. केरबाला ते लागलं, पण त्यानं ज्योत परत मागितली नाही.

पुढच्या वर्षी दोघे भाऊ पुन्हा कोल्हापूरला गेले. नव्या फिल्मवर कडं नव्हतं, चुन्याच्या खड्यासारखा पांढरा ठिपका तेवढा होता.

"ह्यो कधी जायचा?" केरबानं विचारलं.

"जाईलच असं नाही. पण मेलाय तो."

केरबानं ठिपक्याकडं जरा वेळ बघितलं. मग हात जोडले. ते डॉक्टरांना होते असं डॉक्टरांना वाटलं.