मी ‘कोन?’ म्हटलंच नव्हतं

मित्रांनो, गिरीज गावात उर्सुलाबायच्या वाडीत विहिरीच्या कडेला लाकडांचा एक ढीग पडला आहे. पोरं त्यावर बसून चिंचा खातात. तो ढीग म्हणजे मी, इथला जुना रहाट. माझं काय चुकलं ते मला अजून समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर सांगा.

सुताराने मला विहिरीवरच जोडलं. बाभळीचा कणा, एक आडवं चाक, एक उभं, आणि उभ्या चाकावर गाडग्यांची माळ. रेडा गोल फिरायचा, भरलेली गाडगी वर यायची, पन्हळीत पाणी ओतायची आणि रिकामी खाली जायची. पाणी पाटाने केळीला, पानवेलीला जायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ते ओंजळीने पिऊन बघितलं, जणू पाणी विहिरीचं नव्हतं, मी घरून आणलं होतं. कौतुक मला आवडलं. खोटं कशाला बोलू?

कण्याला तेल लागतं. उर्सुलाबायचा नवरा होता तोवर रविवारी देवळातून, म्हणजे चर्चमधून, मिस्सेची प्रार्थना करून आला की तो खोबरेलाची चिंधी माझ्या कण्यावर फिरवायचा. तो वारला. मग लढाई आली. दिव्याला तेल मिळेना, तिथे रहाटाला कुठलं? मी कोरडा फिरू लागलो आणि कुरकुरू लागलो. लाकडावर लाकूड घासलं की आवाज होतोच. माझा आवाज ‘कोऽऽन, कोऽऽन’ असा यायचा, एवढंच.

उर्सुलाबायचा दीर फर्डिनंड शेजारच्या वाडीत राहायचा. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही. त्याची धाकटी लिली एकदा विहिरीत वाकून बेडूक बघत होती. तिला एक धपाटा घालायचा सोडून त्याने आळीतली पोरं गोळा केली आणि गोष्ट रचली. पाण्याखाली उलटपूर नावाचं गाव आहे. तिथे माडांची मुळं आभाळात आणि झावळ्या मातीत. तिथली माणसं पाण्यात वाळतात आणि उन्हात भिजतात. तिथे शिंक आली की चप्पल पालथी घालतात. केळफुलं कुणी मोजत नाही, कारण मोजली तर तीही माणसं मोजू लागतात. आणि त्या गावाचा दरवान म्हणजे हा रहाट. तो ‘कोन?’ विचारतो. जो आपलं नाव सांगेल, त्याला खाली जावं लागतं.

पोरं विहिरीकडे फिरकेनाशी झाली. फर्डिनंड खूश. गोष्ट तिथेच संपायला हवी होती.

पोरांनी ती घरी नेली. आया हसल्या. हसता हसता त्या गप्प कधी झाल्या ते मला कळलं नाही. महिनाभरात मोठी माणसं शिंकल्यावर चपला पालथ्या घालताना दिसू लागली. रेडा हाकणारा बळीराम तोंडात सुपारी धरून कामाला येऊ लागला. तोंड भरलेलं असलं की चुकून नाव निघत नाही म्हणे.

उर्सुलाबायला हे सोसेना. एका सकाळी सगळ्यांसमोर तिने मला उत्तर दिलं. म्हणाली, “मी, उर्सुला. आता पानी वर आन आनि केळीला लाव. नायतर गप बस.”

दुसऱ्या दिवशी बळीराम आला नाही. बोलवायला गेली तर दारातूनच म्हणाला, “बाय, तू वाईट नाय. पन तू नाव सांगितलंस. तुझ्या हातचं पानी आता तिकडचं.” पानं खुडणाऱ्या बायाही यायच्या थांबल्या. मिस्सेला तिच्या बाकावर कुणी बसेना. ‘बिचारी चांगली होती,’ असं तिच्या पाठीमागे बोललं जाई, आणि ती तर समोरून चालत असे. ऐन वैशाखात केळी पिवळी पडू लागली. त्या वाडीवाचून तिला दुसरं काही नव्हतं.

तिने दिराला देवळासमोर उभं केलं. फर्डिनंडने शपथेवर सांगितलं, “उलटपूर मीच रचलं, पोरांना भिववायला.” एक म्हातारी त्याला म्हणाली, “तुला कोनी सांगितलं ते तू इसरलास बाबा.” लोकांना ते पटलं. आणि घरी जाताना फर्डिनंड माझी विहीर टाळून लांबच्या वाटेने गेला. स्वतःच रचलेल्या गोष्टीला माणूस कसा भितो? मी लाकूड आहे, मला कळत नाही. तुम्ही तर शाळेत जाता.

मग उर्सुलाबायने केसांना लावायचं सगळं खोबरेल माझ्या कण्याला चोळलं आणि रेडा स्वतः हाकला. काय सुख होतं ते! मी हूं की चूं न करता फिरलो. वाटलं, सुटलो. आळीत बातमी गेली की रहाट गप झाला, म्हणजे त्याला माणूस मिळालं, आणि ते माणूस म्हणजे उर्सुलाबाय. आता तर फर्डिनंडच्या घरचा विस्तवही तिला मिळेना.

ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “तुला तेल घातलं तर मी जाते. नाय घातलं तर तू.” मग उठली, चुलीतली राख आणली आणि माझं तेल पुसून काढलं. शेवटी कण्यावर राखच चोळली.

सकाळी मी असा किंचाळलो की देवळापर्यंत ऐकू गेलं. बळीराम कुंपणाशी आला, कान देऊन उभा राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. “इचारतोय अजून. म्हंजी मिळालं नाय कोन.” त्याने रेड्याची दोरी हातात घेतली. बायाही आल्या. केळी वाचली.

त्यानंतर मी कोरडाच फिरलो. मी कण्हायचो आणि लोकांना हायसं वाटायचं. दर फेरीला माझं थोडं पीठ गळायचं, ते कुणी पाहिलं नाही. एक दिवस कणा मधोमध मोडला आणि गाडगी विहिरीत गेली. उर्सुलाबायने मोडलेल्या जागेवर हात ठेवला. “पुरे झालं, बाबा,” म्हणाली. तिने मला वाचवलं नाही, मारलंही नाही. मग काय केलं? वर्षं झाली, मी तोच विचार करतो आहे.

आता विहिरीवर इंजीन आहे. ते टकटकतं. माझ्यावर बसलेल्या पोरांचा कालच वाद चालला होता, ते काय म्हणतं यावरून. एकजण म्हणाला, ते ‘तू तू तू’ म्हणतं. बाकीची पोरं थोडी मागे सरकली.

मित्रांनो, उलटपूर मी पाहिलेलं नाही. माझी गाडगी आयुष्यभर तळाला जाऊन आली. पाणी आणलं, गाळ आणला, कधी एखादा बेडूक आणला. कुठे काही कुरकुरलं तर आधी तेलाची चिंधी घेऊन जा. त्यानंतरही भ्यावंसं वाटलं तर खुशाल भ्या. पण आधी तेल.