गाडीची खांदशेकणी

अर्जुनरावांची नवी गाडी सात महिन्यांत ऐंशी हजार किलोमीटर पळाली. धामणगाव बढे गावात पोरगी पाहायला जो तो तीच मागून नेई; तिच्याविना सोयरीकच जमत नव्हती. "काका, ऑइल टायमावर बदलता, पण इले आराम नाही. वर्षभरात इंजिन बसते इचं," मेकॅनिक म्हणाला. अर्जुनरावांना घास गोड लागेना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बैलांच्या खांद्यांसोबत गाडीची चाकंही हळद-तुपानं शेकली, आणि पोळ्याला तिला लिंबाखाली सुट्टी दिली. दुपारच्या झोपेत त्यांना रवंथ ऐकू येत राहिला. उठून पाहतात तर मीटर एकशेवीसनं पुढं, बंपरला सातपुड्याचं ओलं गवत.

"म्या तं इले आराम कर म्हनलं होतं."

"लोकायसाठी लय धावली, आज सोतासाठी गेली," त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं इंजिनाला कान लावला. "काका, नवं बसवलं काय?"